नटाचं चरित्र आणि वाचकांचे दोन तट

लाडक्या नटाचं किंवा गायकाचं चरित्र बाजारात आलं की मुंबईतल्या मराठी वाचकांत दोन तट पडायला फार वेळ लागत नाही. ‘किती प्रामाणिक लिहिलंय’ म्हणणारे एकीकडे आणि ‘हे चव्हाट्यावर आणायची काय गरज होती’ म्हणणारे दुसरीकडे. पुस्तक दरवेळी नवं असतं, भांडण मात्र निदान पन्नास वर्षं जुनं आहे, आणि ते पुस्तकावरून क्वचितच असतं. त्या माणसावर हक्क कोणाचा, यावरून असतं.

मराठीत थोर माणसाचं खासगी आयुष्य सांगायचं काम आधी बायकोकडे आलं. रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झाल्या, पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी. आठवणी अप्रतिम आहेत, पण सूर पूजेचा. पुढे कितीतरी वर्षं ‘पतीविषयी लिहिणं’ म्हणजे असंच, हे वाचकांच्या मनात पक्कं बसलं. नाटक-सिनेमातल्या बायकांना हा साचा लागूच नव्हता, कारण त्यांना मुळात कोणी देव्हाऱ्यात बसवलेलं नव्हतं.

म्हणून १९७० साली आलेल्या हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ची गोष्ट वेगळी. मुंबईत जन्मलेली, घर चालावं म्हणून कोवळ्या वयात कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली ही नटी. तिने सांगितलं आणि अरुण साधूंनी शब्दांत उतरवलं, आधी ‘माणूस’ या नियतकालिकासाठी आणि मग पुस्तकासाठी. नवऱ्याचा जाच, दारू, घर सोडून जाणं, सगळं त्यात आलं. लोक हादरले, नाकं मुरडली, पण पुस्तक वाचलं गेलं आणि १९७७ साली श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ हा चित्रपट त्यावरच उभा राहिला. ती स्वतःबद्दल सांगत होती, त्यामुळे वाचकाचं फारसं काही हरवत नव्हतं. ‘सिनेमातल्या बायांचं असंच असतं’ म्हणून पुस्तक मिटणारेही होते. ती सुटका पुढच्या पुस्तकाने ठेवली नाही.

ते पुस्तक म्हणजे पुलंच्या, म्हणजे पु. ल. देशपांड्यांच्या, पत्नी सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’, १९९०. त्याने एवढी खळबळ का उडाली हे समजायला पुलंच्याच पुस्तकांकडे जावं लागतं. ‘व्यक्ती आणि वल्ली’, ‘गणगोत’, ‘गुण गाईन आवडी’ वाचून मराठी मध्यमवर्गाला माणूस कसा सांगावा याची एक सवय लागली होती. दोष दिसले तरी त्यांची गंमत करायची, आवडलं ते भरभरून सांगायचं आणि शेवटी वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणायचं. पार्ले, दादर, गिरगाव या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत माणसांविषयी बोलण्याची पद्धतच पुलंची झाली होती. आणि खुद्द पुलंविषयीचं पुस्तक आलं ते नेमकं या पद्धतीला नकार देऊन. तेही गिरगावातल्या खटाववाडीतून, ‘मौज’सारख्या नावाजलेल्या प्रकाशनाकडून आलं. म्हणजे ‘सवंग’ असा शिक्का मारून बाजूला सारायची सोय नव्हती.

पुस्तक सरळ ओळीत चालत नाही. आठवण आली तशी सांगितली आहे. करार, हिशोब, प्रयोगांच्या तारखा, मोटार चालवणं हे सगळं बाईंनी अंगावर घेतलेलं आणि घरातला प्रतिभावंत माणूस त्याबाबत निर्धास्त. तक्रार आहे, पण प्रेमही आहे आणि स्वतःलाही त्यांनी सोडलेलं नाही. भांडणाऱ्यांनी मात्र यातली फक्त तक्रार उचलली. एका बाजूने ती पुलंच्या विरोधातला पुरावा म्हणून वाचली, दुसरीने विश्वासघात म्हणून. बायकांचा मोठा वर्ग तिसरीकडेच होता. त्यांना त्यात पुलं कमी आणि आपलं स्वयंपाकघर जास्त दिसलं.

दादरच्या एका वाचनालयातली या पुस्तकाची जुनी प्रत मी चाळली आहे. बांधणी दोनदा केलेली, पानांच्या कडा तपकिरी. समासात पेन्सिलीने एकीने लिहिलंय, ‘अगदी खरं!’ त्याखाली वेगळ्या, टोकदार अक्षरात, ‘मग राहिलात कशाला?’ आणि त्याखाली तिसऱ्या हाताने, ‘पुस्तकात लिहू नये.’ हा शेवटचा शेरा सुनीताबाईंना होता की आधीच्या दोघांना, देव जाणे.

नट डॉ. काशीनाथ घाणेकरांवर त्यांच्या पत्नी कांचन घाणेकरांनी लिहिलेल्या ‘नाथ हा माझा’ने अशी फूट पाडली नाही. दारू आणि बेताल वागणं त्यातही लपवलेलं नव्हतं. पण ‘अश्रूंची झाली फुले’ या नाटकात त्यांनी रंगवलेल्या लाल्यावर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकाला ते ठाऊकच होतं, नव्हे, त्याला ते हवंच होतं.

दादा कोंडक्यांच्या ‘एकटा जीव’ची बातच और. अनिता पाध्ये यांनी शब्दांकित केलेलं हे आत्मकथन. इथे मतभेद पडले ते वस्तीप्रमाणे. दादा नायगाव-लालबागच्या गिरणगावातले, बँडबाजा, सेवादल, अपना बाजारातली नोकरी असं करत वर आलेले. चाळीतल्या वाचकाला त्यात आपलाच एक पोरगा मोठा झालेला दिसतो. ‘सोंगाड्या’ आणि ‘पांडू हवालदार’ चोरून पाहिलेल्या पांढरपेशा वाचकाला ते पुस्तक फार मोकळं वाटतं. माझं विचाराल तर मुंबईच्या नटांवरच्या पुस्तकांत एवढं जिवंत बोलणं क्वचित सापडतं. फक्त शब्दांकनातला कोणता शब्द सांगणाऱ्याचा आणि कोणता लिहिणाऱ्याचा हे वाचकाला कधीच कळत नाही, आणि एखादा उल्लेख झोंबला की दोघांकडेही बोट दाखवता येतं.

गेल्या काही वर्षांत हा वाद पुस्तकातून पडद्यावर सरकलाय. २०१८ साली घाणेकरांवर चित्रपट आला, तेव्हा नट डॉ. श्रीराम लागूंशी असलेली स्पर्धा भडक रंगवल्याची कुरबुर झाली. जानेवारी २०१९ मध्ये महेश मांजरेकरांचा ‘भाई : व्यक्ती की वल्ली’ लागला आणि पुलंच्या हातातल्या सिगरेट-पेल्यावरून, गायक भीमसेन जोशी आणि वसंतराव देशपांड्यांच्या चित्रणावरून पुन्हा तीच रणधुमाळी. पार्ल्यातले माझ्या ओळखीचे एक काका १९९० साली ‘आहे मनोहर तरी’ घरात येऊ देणार नाही म्हणून बसले होते. ‘भाई’ पाहून आले ते तणतणतच. म्हणाले, ‘सिनेमावाल्यांनी आधी सुनीताबाईंचं पुस्तक तरी नीट वाचायचं होतं!’ काकूंनी विचारलं, ‘तुम्ही कधी वाचलंत?’