श्वान-भूल : शिरेतून आणि श्वासातून

कुत्र्याला भूल चढवल्यावर ती शेवटचा टाका पडेपर्यंत टिकवण्याचे दोन मार्ग आहेत : शिरेतून औषध देत राहणे किंवा प्राणवायूबरोबर भुलीची वाफ हुंगवणे. ग्रामीण विदर्भात पहिलाच अधिक चालतो. कपाशी-तुरीच्या वावरात जागलीला नेलेले कुत्रे रानडुकराच्या सुळ्याने फाटून येते, तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात भुलीचे यंत्र बहुधा नसते. इंट्राकॅथ (शिरेत बसवायची बारीक नळी), सलाईन आणि झायलाझिन-केटामिन ही भुलीच्या औषधांची जोडी असते.

ही जोडी स्वस्त आहे, पण पुन्हापुन्हा मात्रा दिली की औषध अंगात साचते आणि कुत्रे उशिरा उठते. झायलाझिनने हृदय मंदावते. त्यावर योहिंबिनचा उतारा आहे, केटामिनवर नाही. केटामिनच्या गुंगीत डोळे उघडे राहतात, म्हणून बुबुळ सुकू नये यासाठी मलम घालतात. प्रोपोफॉल हे शिरेतूनच द्यायचे दुसरे औषध लवकर उतरते. टिकवण्यासाठी ते दर किलोला मिनिटाला ०.२ ते ०.४ मिग्रॅ लागते. २० किलोच्या गावठी कुत्र्याला ०.३ मिग्रॅच्या हिशेबाने तासाला ३६ मिली, म्हणजे २० मिलीच्या दोन कुप्या जवळपास संपतात. सोयाबीन तेलातल्या या दुधाळ औषधात जंतू झपाट्याने वाढतात. फोडलेली कुपी उद्यासाठी राखणे धोक्याचे आहे.

दुसऱ्या मार्गात हुंगवायच्या आयसोफ्लुरेन या औषधाचे शरीरात जेमतेम ०.२ टक्के विघटन होते, बाकीचे श्वासावाटे परत जाते. भूल खोल गेल्यास व्हेपोरायझरची (औषधाची वाफ करून तिचे प्रमाण ठरवणाऱ्या उपकरणाची) चकती फिरवून काही मिनिटांत ती हलकी करता येते. शिरेत गेलेले औषध असे माघारी बोलावता येत नाही. लांबलेल्या शस्त्रक्रियेत वायू सरस ठरतो तो यामुळेच. मात्र त्याने रक्तदाब उतरतो, आणि गळकी वाफ टेबलाभोवतीच्या माणसांच्याही श्वासात जाते. साध्या व्हेपोरायझरला वीज लागत नाही, त्यामुळे भारनियमनात अडत नाही. अडते ते प्राणवायूच्या सिलिंडरपाशी. आयसोफ्लुरेन ४८.५ अंश सेल्सिअसला उकळते. चंद्रपूरचा मे महिना ४७ अंशांना टेकतो, तेव्हा त्याची बाटली पत्र्याखालच्या खोलीत ठेवणे योग्य नाही.

शिरेतून भूल दिली म्हणजे श्वासनळीत नळी नको, हा समज घातक आहे. प्रोपोफॉलने श्वास थांबू शकतो. नळी, प्राणवायू आणि फक्त हिरड्यांचा रंग, नाडी व श्वास पाहणारा एक माणूस दोन्ही पद्धतींत हवाच. कुत्रे गिळू लागले की नळी काढतात. पौष-माघाच्या थंडीत भुलीखालचे अंग लवकर गार पडते व शुद्ध लांबते. अशा वेळी गोणपाटात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटल्या दोन्ही कुशींना लावतात.