परदेशातले मूल दत्तक घेऊन घरी आणायचे, तर अर्ज कुठून सुरू करायचा?

समजा, भाऊ अमेरिकेत स्थायिक आहे आणि त्याची मुले तिथेच जन्मलेली. इकडे पुण्यात बहिणीला मूल नाही. घरात बोलणे होते, सगळ्यांची संमती मिळते आणि एखादे मूल आत्याकडे द्यायचे ठरते. मग ओळखीतले कोणीतरी सुचवते, "दत्तहोम करा, दत्तकपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, झाले काम." मूल भारतीय असते तर हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम 1956 चा हा मार्ग विचारात घेता आला असता. मुलाच्या हातात निळा अमेरिकन पासपोर्ट असेल, तर नुसत्या दत्तकपत्राच्या भरवशावर राहू नका.

जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर असेच एक प्रकरण आले होते. भारतीय जोडपे होते आणि मूल नात्यातलेच, पण अमेरिकन नागरिक. कारा, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, अर्जाची नोंद करत नव्हते. न्यायालयाने काराची बाजू उचलून धरली. मूल काळजी व संरक्षणाची गरज असलेले किंवा विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेले) नसेल, तर बाल न्याय अधिनियम आणि दत्तक नियमावली 2022 यांत परदेशी नागरिक असलेले मूल थेट भारतात दत्तक घेण्याची सोय नाही, मग ते मूल सख्ख्या नात्यातले का असेना. असे मूल दत्तक घेणे हा मूलभूत हक्कही नाही. आधी अमेरिकेत तिथल्या कायद्याप्रमाणे दत्तक पूर्ण करा, मूल इकडे आणण्याची प्रक्रिया त्यानंतर, असे न्यायालयाने सांगितले. निकाल कोरडा वाटतो खरा, पण मार्ग तोच दाखवतो आणि नियमावलीही तेच सांगते: आधी तिथे, मग इथे.

म्हणून सुरुवातीलाच दोन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे मुलाचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे. मूल परदेशात जन्मलेले पण भारतीय नागरिक असेल, तर प्रश्नच वेगळा होतो. तेव्हा काराच्या नातेवाईक-दत्तकाच्या तरतुदी तपासता येतात. त्यात 'नातेवाईक' म्हणजे फक्त काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. चुलतभावाचे मूल आपल्याला कितीही घरचे वाटले, तरी कायद्याच्या व्याख्येत ते बसत नाही.

दुसरी गोष्ट, तो देश 1993 च्या हेग दत्तक करारात, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहे का? भारताने हा करार 2003 मध्ये मान्य केला. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी हे देश त्यात आहेत. संयुक्त अरब अमिराती आणि जपान नाहीत. नेपाळने सही केली, पण पुढची मान्यता दिलेली नाही. दोन्ही देश करारात असतील, तर दोन्हीकडची केंद्रीय प्राधिकरणे एकमेकांशी कागदोपत्री बोलतात आणि कराराप्रमाणे एका देशात झालेले दत्तक दुसऱ्यात आपोआप मान्य होते. करार नसेल तिथे प्रत्येक कागद स्वतंत्रपणे पटवून द्यावा लागतो. त्या वेळी या विषयातला वकील हवाच.

आता पात्रता. भारतीय नियमांप्रमाणे जोडप्याचे वैवाहिक जीवन किमान दोन वर्षे स्थिर असावे (नात्यातल्या दत्तकाला ही अट नाही) आणि दोघांचीही संमती हवी. मूल आणि पालक यांच्या वयात किमान 25 वर्षांचे अंतर लागते. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही, एकट्या स्त्रीला मुलगा-मुलगी कोणीही चालते. वयाच्या बेरजेचाही नियम आहे: दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज 85 पर्यंत, दोन ते चार वर्षांसाठी 90, चार ते आठसाठी 100 आणि त्यापुढे 110. नात्यातल्या दत्तकाला ही वयाची अट नाही. त्या देशाच्या अटी याखेरीज वेगळ्या असतात आणि कधी कधी त्याच जास्त कडक असतात.

प्रत्यक्ष काम सुरू होते ते गृह अध्ययन अहवालापासून, ज्याला सगळे 'होम स्टडी' म्हणतात. समाजसेविका घरी येते, दोघांशी एकत्र आणि वेगवेगळे बोलते, घर पाहते, आधीचे मूल असेल तर त्याच्याशीही बोलते. नात्यातलेच मूल आहे म्हणून हा टप्पा गाळता येईल, असे धरून चालू नका. कोणाकडून करून घ्यायचा, हे काराला लेखी विचारून ठेवा. जिल्हा बाल संरक्षण कक्षातही चौकशी करता येते. त्यासाठी पॅन कार्ड, दोघांचे जन्मदाखले, पत्त्याचा पुरावा, विवाह नोंदणीचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, गंभीर किंवा संसर्गजन्य आजार नसल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र, कुटुंबाचा फोटो आणि ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रे लागतात. घटस्फोट झालेला असेल, तर हुकूमनाम्याची प्रतही.

हा अहवाल, मुलाचा बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल मिळाल्यावर कारा हेग कराराच्या कलम 5 आणि 17 नुसार मंजुरी देते. पालक पात्र आहेत, मुलाला या देशात येता व राहता येईल आणि दत्तक पुढे नेण्यास हरकत नाही, असा तिचा अर्थ. ही मंजुरी हातात येण्याआधी तिकडच्या कोर्टाकडून अंतिम आदेश घेण्याची घाई करू नका. नंतर मागे येऊन दुरुस्ती करणे फार जिकिरीचे होते.

अमेरिकेत दत्तकाचा आदेश राज्याचे न्यायालय देते. मूल देशाबाहेर जाणार असल्याने हेग कराराच्या अटी पाळल्याचे निष्कर्ष त्या आदेशात लागतात. मग डीएस-5509 हा अर्ज भरून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडून हेग दत्तक प्रमाणपत्र घ्यायचे. इकडे सगळा भार या प्रमाणपत्रावर असतो. जन्मदात्यांची लेखी संमती, आणि कोणी हयात नसेल तर मृत्यूचा दाखला, मूळ प्रतीत ठेवा. परदेशी कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचे दुसऱ्या देशात चालणारे सरकारी प्रमाणीकरण, करून घ्या. कागद इंग्रजीत नसतील, तर प्रमाणित भाषांतर जोडा.

इथे आपल्या नावांचा घोळ होतो. अमेरिकन जन्मदाखल्यावर मुलाचे मधले नाव बहुतेकदा जन्मदात्या वडिलांचे असते. पुढे शाळेच्या दाखल्यावर ते दत्तक वडिलांचे हवे असेल, तर नावबदलाची मागणी दत्तकाच्या अर्जातच करावी. आदेशानंतर त्या राज्याच्या जन्मनोंद कार्यालयातून दत्तक आईवडिलांच्या नावाचा नवा जन्मदाखला मिळतो. आधी तो, मग त्यावर नवा पासपोर्ट, आणि मग भारतीय व्हिसा, असा क्रम ठेवा. महापालिका परदेशात जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला देणार नाही, त्यामुळे इकडे आल्यावर नाव दुरुस्त करू म्हणाल तर ते जमायचे नाही.

भारतात येण्यासाठी त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडे किंवा वाणिज्य दूतावासाकडे मुलाच्या प्रवेश व्हिसाचा अर्ज करायचा. दत्तक रीतसर झाले आहे का, हे कागद पाहून ते तपासतात. मुलाकडे आधीच ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असेल, तर ते विमानात बसेल, इथे राहील, शाळेतही जाईल. म्हणूनच अनेक घरांत दत्तकाचे काम वर्षानुवर्षे राहून जाते. ओसीआय हा येण्या-राहण्याचा परवाना आहे, त्याने पालकत्व बदलत नाही.

दत्तक झाले म्हणून मूल आपोआप भारतीय नागरिकही होत नाही. त्यासाठी नागरिकत्व अधिनियम 1955 च्या कलम 5 खाली नोंदणीचा वेगळा अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर करायचा असतो आणि कागद जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचे असतात. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे दोन्ही पासपोर्ट ठेवता येणार नाहीत. परदेशी नागरिकत्व ठेवून ओसीआयवरच राहायचे ठरले, तर मताचा अधिकार नसतो आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र ती येऊ शकते. गावाकडे सातबारा असलेल्या घरांनी हा निर्णय घेण्याआधी तलाठ्याशी नव्हे, वकिलाशी बोलावे.