बूमर वेगळा, सूनर वेगळा: ‘टम्बलवीड्स’चा शेवट बघताना

१९२५ सालचा ‘टम्बलवीड्स’ हा अमेरिकी अभिनेता विल्यम हार्टचा नायक म्हणून अखेरचा मूकपट. त्यात नायक डॉन कार्व्हरवर ‘सूनर’ (जमीन खुली होण्याआधीच चोरून आत घुसलेला) असल्याचा खोटा आळ येतो, घोडदळ त्याला डांबून ठेवतं. सरकारने खुल्या केलेल्या जमिनीसाठीची शर्यत सुटल्यावर तो निसटून सगळ्यांना गाठतो, तर जिच्यासाठी धावला ती मॉलीच त्याच्यावर संशय घेते. सूनरला बूमर समजून बसलं, तर हा संशय उगाच ताणल्यासारखा वाटतो.

बूमर आधीचे. १८८०च्या आसपास डेव्हिड पेनसारखे पुढारी अमेरिकेतल्या ओक्लाहोमातली जमीन खुली करा म्हणत तांडे घेऊन उघडपणे आत शिरत. लष्कर त्यांना हुसकून लावी, ते पुन्हा येत. जमीन अजून कुणालाच मिळणार नव्हती, त्यामुळे शर्यतीतल्या शेजाऱ्याला फसवण्याचा प्रश्नच नव्हता. (जमीन मुळात आदिवासींची, हे मात्र दोघांच्याही बाबतीत विसरता कामा नये.)

सूनर म्हणजे जमीन खुली होण्याच्या वेळेआधीच चोरून आत गेलेला. चित्रपटात दिसते ती ओक्लाहोमातल्या चेरोकी पट्ट्याची शर्यत १६ सप्टेंबर १८९३ला दुपारी १२ वाजता सुटली. त्याआधी हद्दीवरच्या कचेरीत नाव नोंदवून दाखला घ्यावा लागे. १६० एकरांचा तुकडा पहिल्या येणाऱ्याचा. सूनर ओढ्याच्या झाडीत दबा धरून बसे आणि बारानंतर खुंट ठोकून उभा राही. घोडा दमलेला दिसावा म्हणून अंगाला साबणाचा फेस चोळत, असंही सांगतात. पकडला गेला की दावा बाद. इतक्या मैलांवर इतक्या मिनिटांत घोडा पोचेल का, यावर साक्षी होत.

कार्व्हर आत गेला होता तो राहिलेली गुरं गोळा करायला. पण नुसतं ‘कामासाठी गेलो होतो’ म्हणून भागत नसे. त्याआधीच्या, १८८९च्या अशाच शर्यतीवरून झालेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या एका कामगाराचा दावा फेटाळला. तो आत होता कायदेशीरपणे, पण बाराच्या ठोक्याला रेल्वेच्या जागेत उभा राहून त्याला इतरांवर आघाडी मिळाली होती. म्हणजे कळीचा प्रश्न एकच: बारा वाजता माणूस कुठे होता? कार्व्हर तेव्हा लष्कराच्याच कोठडीत होता, त्यामुळे त्याच्या बाजूने याहून भक्कम पुरावा नाही. मॉलीला हे ठाऊक नाही. तिला दिसतो तो फक्त सगळ्यांच्या आधी पोचलेला माणूस, आणि सूनरही नेमका तसाच दिसतो.

दोन्ही शिक्के एकाच माणसावर बसल्याचंही उदाहरण आहे. पेननंतरचा बूमर पुढारी विल्यम काउच १८८९ला रेल्वेच्या कामाने आधीच आत होता. तो ओक्लाहोमा सिटीचा पहिला महापौर झाला आणि १८९०मध्ये जमिनीच्याच वादात गोळी लागून गेला.