पार्श्वभूमी: वर्गात जन्मलेली स्प्रेडशीट परीक्षेत कशी अडकली

प्रौढांच्या संगणकवर्गात स्प्रेडशीट, म्हणजे एक्सेलसारखा आपोआप हिशेब करणारा रकान्यांचा तक्ता, शिकवली जाते. तिच्या आधाराने व्याज, टक्केवारी किंवा घरखर्च शिकवला जाणं मात्र विरळाच. गंमत अशी की तिचा जन्मच मोठ्या माणसांच्या वर्गात झाला.

१९७८ साली डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये एमबीए करत होते. त्याआधी त्यांनी डिजिटल इक्विपमेंट कंपनीत नोकरी केली होती, म्हणजे कमावतं आयुष्य बघून पुन्हा बाकावर बसलेले विद्यार्थी. प्राध्यापक फळ्यावर रकाने आखून आकडे मांडत. एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून नव्याने लिहायचे. हे पुसणं-लिहिणं यंत्राने करावं, असं ब्रिकलिन यांच्या मनात आलं. त्यांचे मित्र बॉब फ्रँकस्टन यांनी प्रोग्रॅम लिहिला आणि १९७९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी ‘व्हिजिकॅल्क’ बाजारात आला. ६३ स्तंभ, २५४ ओळी. स्तंभांना अक्षरं आणि ओळींना आकडे ही आजची पद्धतही त्यातलीच. प्रोग्रॅम विक्रीला येण्याआधीच ब्रिकलिन यांनी पेप्सीवरच्या एका केस स्टडीचा गृहपाठ त्यावर केला होता.

रकान्यांचा कागद काही नवा नव्हता. आपल्या खतावण्याही रकान्यांच्याच. नवं होतं ते आकड्यामागे सूत्र ठेवता येणं. ‘समजा, भाव दोन रुपयांनी वाढला तर?’ असं विचारलं की उत्तर तिथल्या तिथे. शिकणाऱ्याला याहून चांगलं साधन कोणतं? पण ते पहिल्यांदा उचललं कचेऱ्यांनी. १९८३ मध्ये लोटस १-२-३ हा स्प्रेडशीट प्रोग्रॅम आला, १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर एक्सेल. कचेऱ्यांना आता हे चालवणारी माणसं हवी होती, आणि प्रौढ शिक्षणाचे वर्ग ती पुरवू लागले.

ब्रिटनमध्ये आरएसए या परीक्षा मंडळाची ‘क्लेट’ ही संगणक साक्षरतेची परीक्षा नोकरी शोधणाऱ्यांमध्ये चांगलीच रुजली. छापील कागदावरचे आकडे भरा, सूत्र घाला, ते शेजारच्या चौकटींत उतरवा, एखादी ओळ काढून टाका, छापून द्या, अशा धर्तीचं काम. फिनलंडमध्ये १९८८ साली ‘संगणक चालक परवाना’ निघाला, त्याचीच युरोपीय आवृत्ती १९९६ मध्ये आली. तिच्या सात भागांपैकी चौथा स्प्रेडशीटचा. परवाना हे नावच पुरेसं बोलकं आहे: गाडी चालवता येते का एवढंच तपासायचं, कुठे जायचं ते नाही.

महाराष्ट्रात हीच वाट एमएस-सीआयटी या संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमाने धरली. २००१ मध्ये तो चालवणाऱ्या एमकेसीएलची (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) स्थापना झाली आणि पाठोपाठ हा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यात पोचला. सरकारी नोकरीसाठी तो संगणक अर्हता म्हणून धरला जाऊ लागला. आधीपासून सेवेत असलेल्यांनाही मुदतीत पास होणं भाग पडलं, नाहीतर वेतनवाढ रोखली जाणार. त्यामुळे पन्नाशीतले शिक्षक आणि लिपिक कॉलेजच्या पोरांशेजारी माऊस धरायला बसले. कितीतरी जणांचा हात पहिल्यांदा संगणकाला लागला तो याच वर्गांत, आणि ते श्रेय मोठंच आहे. पण असल्या वर्गांतले सराव पाहा: मार्कशीट, तिच्यात पास-नापास, नाहीतर पगारपत्रक, मूळ वेतनावर महागाई भत्ता नि घरभाडे भत्ता. समोरच्या गुरुजींचा स्वतःचा पगार त्या रकान्यांत मावत होता. महागाई भत्ता चार टक्क्यांनी वाढला तर हातात किती जास्त येतील, हे मात्र परीक्षेत येत नसल्यामुळे कुणी विचारत नसे.

शिक्षणतज्ज्ञांचा एक लहान प्रवाह या काळात स्प्रेडशीटकडे गणिताचं साधन म्हणून पाहत होता. २००३ पासून ऑस्ट्रेलियातल्या बाँड विद्यापीठातून त्यासाठी खास ई-नियतकालिक निघू लागलं. पण या साधनाचं सर्वात गाजलेलं उदाहरण गृहपाठातूनच आलं, तेही २०१३ साली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेतले विद्यार्थी थॉमस हर्नडन यांना एखाद्या प्रसिद्ध शोधनिबंधाचे आकडे पुन्हा काढून पाहायचे होते. त्यांनी निवडला हार्वर्डच्या राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा सरकारी कर्जावरचा २०१० चा निबंध. मूळ फाइल हाती आल्यावर दिसलं की सरासरीच्या सूत्रात २० देशांऐवजी १५ च ओळी घेतल्या होत्या. निष्कर्षावरचे आक्षेप तेवढ्यापुरतेच नव्हते, पण जगभर चर्चा झाली ती त्या पाच राहून गेलेल्या देशांची. सूत्र उघडून बघण्याची सवय कशासाठी लावायची, हे सांगायला शिक्षकाला याहून मोठा दाखला लागू नये.

भारतात मात्र वारं उलट दिशेने वाहिलं. २०१७ मध्ये ग्रामीण भागातल्या लोकांसाठी आलेल्या पीएमजीदिशा या डिजिटल साक्षरतेच्या योजनेत तासच २० होते. त्यात स्मार्टफोन, इंटरनेट, ऑनलाइन पैसे यांना जागा मिळाली, रकान्यांना नाही. हप्ता किती हे आता फोनवरचं ॲप सांगतं. पण तो कसा आला, हे त्यात दिसत नाही.

बचत गटाच्या वहीत मुद्दल, व्याज, शिल्लक हे रकाने नेहमीचेच. हप्ता कसा आला ते पाहायला तेच शीटवर मांडायचे. एक लाखाचं कर्ज, वार्षिक १२ टक्के, २४ हप्ते. घटत्या शिलकीवर हप्ता साधारण ४,७०७ रुपये. पहिल्या महिन्यात व्याज १,०००, मुद्दल ३,७०७, शिल्लक ९६,२९३. तीन सूत्रं लिहून खाली ओढली की दोन वर्षांचं व्याज निघतं सुमारे १३ हजार. शेजारी ‘फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज धरणारा, १२ टक्क्यांचा तक्ता मांडला तर हप्ता ५,१६७ आणि व्याज थेट २४ हजार. चोविसाव्या महिन्यातही तिथे व्याज १,००० च, जणू पूर्ण लाख अजून कर्जदाराकडेच आहेत. पहिल्या तक्त्यात त्या ओळीवर ४७ रुपये असतात.