परीक्षा संपते, ताण संपत नाही

दरवर्षी ७ जूनला चीनमध्ये गाओकाओ सुरू होते. विद्यापीठ प्रवेशाची ही देशव्यापी परीक्षा. २०२४ मध्ये तिच्यासाठी १ कोटी ३४ लाख मुलांनी नाव नोंदवलं. परीक्षेच्या दिवसांत केंद्रांजवळची बांधकामं थांबतात, हॉर्नला बंदी असते. एवढा बंदोबस्त पाहून वाटावं, हे काही दिवस निभावले की सुटलो!

शरीराची ताण पेलायची व्यवस्थाही अशा सुटकेच्या भरवशावरच बेतलेली आहे. धोका जाणवला की मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाचा निरोप पिट्युइटरी ग्रंथीमार्फत मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातो. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक रक्तात उतरतं, साखर वाढते. मग तेच कॉर्टिसॉल मेंदूला 'आता पुरे' असं कळवून ही साखळी थांबवतं. ताण महिनोन्महिने हटलाच नाही, तर हा लगाम सैल पडू शकतो. त्यात किशोरवयात झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं संप्रेरक, मेलाटोनिन, मुळातच रात्री उशिरा पाझरतं. झोप उशिरा येते, शाळा मात्र सकाळी लवकर बोलावते.

आणि सुटका तरी कुठे? जून २०२३ मध्ये चीनच्या शहरांत १६ ते २४ वयोगटातली बेरोजगारी २१.३ टक्क्यांवर गेली. पुढच्या महिन्यापासून सरकारने हा आकडा देणंच थांबवलं. नंतर विद्यार्थ्यांना वगळून नव्या पद्धतीने तो पुन्हा सुरू केला. ज्यांना नोकरी मिळते, त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला '९९६' येतं: सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. त्याच वर्षी 'थांग पिंग', म्हणजे सरळ आडवं पडून राहणं, तरुणांत गाजलं. मला तो आळस वाटत नाही. ज्या शर्यतीला शेवटची रेषाच नाही, ती सोडण्यात हिशेब आहे.

चिनी विज्ञान अकादमीच्या मानसशास्त्र संस्थेच्या अहवालात २४.६ टक्के किशोरवयीनांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली. हे प्राथमिक चाचणीतले आकडे आहेत. प्रत्येकाला आजार आहे, असा त्याचा अर्थ नाही.

उलट बाजूने, खरं नैराश्य नजरेतून निसटतंही. १९८० मध्ये मानववंशशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी हुनान प्रांतात 'मज्जातंतूंचा थकवा' असं निदान झालेले १०० रुग्ण तपासले. त्यांतल्या ८७ जणांना नैराश्य होतं, पण तक्रारी होत्या डोकेदुखी, चक्कर, निद्रानाशाच्या. दुखणं अंगाचं असलं की घरात आणि कामावर ते सांगता येत होतं.

२०२० पासून शाळा-महाविद्यालयांच्या आरोग्य तपासणीत नैराश्याची चाचणी घ्यायला सरकारने सांगितलं आहे. अशा प्रश्नावल्यांत साधारणतः झोपेचे आणि भुकेचेही प्रश्न असतात, हे एक बरं.