साबचा ग्रिफिन मुळात कोणाचा?

साब या स्वीडिश मोटारीचं नाव घेतलं की तिच्या चिन्हातलं, निळ्या गोलातलं लाल मुंडकं डोळ्यांपुढे येतं. गरुडाची चोच, उभे कान आणि वर सोनेरी मुकुट. हा ग्रिफिन, म्हणजे अर्धा गरुड आणि अर्धा सिंह. गडांच्या दरवाजांवरचे शरभ आणि गंडभेरुंड पाहिलेल्यांना असा जोडप्राणी नवा वाटणार नाही. पण स्वीडनमधल्या ट्रोलहेटानच्या साब मोटार कारखान्याशी या प्राण्याचं मूळचं काहीच नातं नव्हतं. 2012 नंतर या चिन्हाचं जे झालं, ते समजून घ्यायला हे आधी लक्षात घ्यावं लागतं.

साब ही विमानं बनवणारी कंपनी. तिची पहिली मोटार ‘साब 92’ 1949 साली विक्रीला आली तेव्हा बॉनेटवर विमानाचं चिन्ह होतं. विमानाच्या नाकासमोर उभं राहून पाहावं तसं, दोन्हीकडे पंख पसरलेलं. गाडीही बाजूने पाहिली तर विमानाच्या पंखाच्या छेदासारखी दिसायची. चिन्ह आणि वस्तू यांचा इतका सरळ मेळ साबला पुढे कधीच जमला नाही, असं माझं मत आहे.

ग्रिफिन आला तो सोयरिकीतून. 1969 मध्ये साब आणि ट्रक बनवणारी स्कानिया-वाबिस एक झाल्या. स्कानिया हे स्वीडनच्या दक्षिण टोकाच्या स्कोने प्रांताचं लॅटिन नाव. जुनी स्कानिया तिथल्याच माल्मो शहरातली, म्हणून तिच्या चिन्हात ग्रिफिन. माल्मोला मुकुटधारी ग्रिफिनचं मुंडकं 1437 मध्ये राजाने बहाल केलं होतं. तो राजा बाल्टिक किनाऱ्यावरच्या पोमेरेनियाचा, आणि ग्रिफिन त्याच्या घराण्याचा. म्हणजे पोमेरेनियातून माल्मोला, माल्मोहून ट्रकवर आणि ट्रकवरून मोटारीवर असा या प्राण्याचा प्रवास. ‘साबचा ग्रिफिन’ असं आपण सहज म्हणतो, पण त्यातला ‘चा’ पहिल्यापासूनच कच्चा होता.

मोटारीवर तो यायला 1984 उजाडलं. संयुक्त कंपनीचं नवं चिन्ह एका स्वीडिश कलावंताने केलं. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आवारात नळीला गाठ मारलेलं पिस्तूल आहे ना, ते शिल्प त्याचंच. वर्तुळात मुकुटधारी मुंडकं, सोबत साब आणि स्कानिया ही दोन्ही नावं. चिन्ह देखणं होतं यात वाद नाही. पण मोटारींनी स्वतःचं विमान सोडून सामायिक चिन्ह घेतलं, आणि ते सामायिक आहे याची आठवण पुढे कोणालाच राहिली नाही.

1990 मध्ये मोटार विभाग वेगळा होऊन त्याचा अर्धा हिस्सा अमेरिकी कंपनीकडे गेला. 1995 मध्ये विमानं आणि ट्रक यांचीही फारकत झाली. तरी मोटारींवर ‘स्कानिया’ काही वर्षं तशीच होती. 2000 च्या सुमारास ती अक्षरं गेली. त्याच वर्षी कंपनी पूर्णपणे अमेरिकी मालकीची झाली. चिन्हात फक्त ‘साब’ उरलं, पण मुंडकं तेच राहिलं.

2010 मध्ये कंपनी एका छोट्या डच मोटार कंपनीला विकली गेली आणि डिसेंबर 2011 मध्ये दिवाळखोरीत निघाली. 2012 मध्ये कारखाना, यंत्रं आणि 9-3 गाडीचे हक्क चिनी भांडवल असलेल्या विद्युत मोटार कंपनीने घेतले. खरा तिढा इथे पडला. विमान कंपनीने ‘साब’ नाव वापरायची अटींवर मुभा दिली, पण ग्रिफिन द्यायला ट्रक कंपनी तयार झाली नाही. आपलं चिन्ह परक्या हातात, त्यातही चीनच्या बाजारात गेलं तर त्याचा गैरवापर होईल, ही तिची धास्ती. कायद्याने तिचं म्हणणं बरोबर होतं. पण ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं तो ग्रिफिन पुसून चकचकीत ठेवला, त्यांच्या दृष्टीने हा निर्णय फार कठोर होता, आणि मला तो तसाच वाटतो.

2013 च्या अखेरीस ट्रोलहेटानमध्ये उत्पादन पुन्हा सुरू झालं. नव्या 9-3 वर ग्रिफिन नव्हता, नुसती ‘साब’ ही अक्षरं होती. काही महिन्यांतच पैसे संपले, काम थांबलं आणि 2014 मध्ये विमान कंपनीने नावही काढून घेतलं. 2016 मध्ये कारखान्याच्या मालकांनी पुढच्या गाड्या ‘साब’ नावाने येणार नाहीत असं जाहीर केलं.

ग्रिफिन मात्र ट्रक-बसवर कायम आहे. 2014 मध्येच नागपूरच्या रस्त्यांवर इथेनॉलवर चालणारी बस आली, ती याच स्कानियाची.