कॅलेथियाचं पान का करपतं: ह्युमिडिटीचा आकडा आणि हवेची तहान

घरात कॅलेथिया (नक्षीदार पानांचं शोभेचं झाड) असेल तर नवीन पानाचा पोंगा रोज सकाळी उठून बघायची सवय लागतेच. माझ्याकडच्या झाडाला मध्ये एक पोंगा आला, चांगला बोटभर वाढला आणि तिथेच अडकला. आठ दिवसांनी कसाबसा उलगडला तर कडेने कागद जळल्यासारखी तपकिरी रेघ आणि टोक एकदम कुरकुरीत. मातीत बोट घातलं तर छान वाफसा होता आणि हायग्रोमीटर, म्हणजे हवेचा दमटपणा मोजणारा मीटर, ५५ टक्के ह्युमिडिटी दाखवत होता, म्हणजे वाईट अजिबात नाही. मग मुळाशी पाणी आहे, हवेत दमटपणा आहे, तरी पान वाळतंय कसं?

गोम त्या टक्क्यातच आहे. हा टक्का म्हणजे हवेत किती वाफ आहे ते नाही, तर त्या तापमानाला जेवढी मावू शकते त्याच्या किती भाग भरलाय ते. आणि मावण्याची हद्द तापमानाबरोबर भराभर वाढते, २० अंशाला एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम वाफ मावते तर ३० अंशाला ३० ग्रॅम. आता दोन्हीकडे ५० टक्केच धरा. गार हवेत अजून साडेआठ ग्रॅमची जागा रिकामी आहे, गरम हवेत पंधरा ग्रॅमची. आकडा तोच, पण हवेची तहान जवळपास दुप्पट!

पानाला कळते ती ही तहान. पानाच्या आतल्या पोकळीतली हवा जवळजवळ १०० टक्के ओली असते आणि कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, उघडावीच लागतात, ती उघडली की वाफ बाहेर पळणारच. झाड जेवढं पाणी मुळातून ओढतं त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त असंच उडून जातं. बाहेरची तहान फार वाढली की रंध्रांच्या कडेच्या रक्षक पेशी ढिल्या पडून रंध्रं मिटतात, पाणी वाचतं पण अन्न तयार होणंही मंदावतं, आणि पुरवठ्याच्या अगदी शेवटाला असलेली कड आणि टोक आधी वाळतात. जंगलात दाट सावलीत, जमिनीलगत वाढणाऱ्या कॅलेथिया आणि फर्नची पानं पातळ असतात, त्यांना हे झेपत नाही. स्नेक प्लांटची गोष्ट वेगळी, त्याचं पान जाड आणि रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात, त्याच्यासाठी ह्युमिडिटीचा विचार करत बसू नका.

या तहानेला शास्त्रात वेपर प्रेशर डेफिसिट, म्हणजे वाफेच्या दाबाची तूट, म्हणतात आणि ती किलोपास्कलमध्ये मोजतात. नाजूक पानांच्या ट्रॉपिकल झाडांना साधारण १ च्या आसपास किंवा थोडं खाली बरं वाटतं.

मला आधी माझ्या मीटरचाच संशय आला. त्याची तपासणी घरच्या घरी होते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, पूर्ण विरघळू द्यायचं नाही, आणि झाकण व मीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. ओलं मीठ आजूबाजूची हवा बरोबर ७५ टक्क्यांवर आणून ठेवतं, हा त्याचा गुणधर्मच आहे. माझा मीटर ८३ दाखवत होता! म्हणजे माझे ५५ खरे ४७ होते, आणि झाड ज्या खिडकीपाशी होतं तिथे दुपारी ३१ अंश. हिशेब केला तर तूट २.४ किलोपास्कलच्या जवळ आली.

अशा वेळी पहिला हात स्प्रेच्या बाटलीकडे जातो. पण बघा, ३० घनमीटरची मध्यम खोली २५ अंशाला ४५ वरून ६५ टक्क्यांवर न्यायला साधारण १४० ग्रॅम पाणी वाफ होऊन हवेत मिसळावं लागतं, आणि दहा फवारे म्हणजे फार तर १० मिलिलिटर. दीडेक टक्का वाढतो, तोही हवा बदलली की गेला. वर पानं ओली राहिली तर बुरशीचे डाग. कुंडीखाली ठेवायचा पाणी आणि खड्यांचा ट्रे पण असाच, फरक पडलाच तर अगदी कुंडीच्या लगत. आणि एसी चालू असेल तर तो खोलीतली वाफ गार कॉइलवर धरून पाइपातून बाहेर सोडतोय, ते ठिबकणारं पाणी तुमच्या झाडाच्या वाट्याची ह्युमिडिटीच आहे.

मी काय केलं, तर कुंडी फक्त खिडकीपासून आत सरकवली, उजेड मिळेल पण ऊन नाही अशा जागी, जिथे दुपारी २६ अंश असतात. हवेत पाण्याचा एक थेंब न मिसळता तीच वाफ तिथे ६३ टक्के भरते आणि तूट निम्म्यावर येते. ह्युमिडिफायर (हवेत दमटपणा सोडणारं यंत्र) नंतर, आधी तापमान, असं माझं ठाम मत झालंय. ह्युमिडिफायर लागलाच तर अल्ट्रासॉनिक प्रकारच्या यंत्रात जड (क्षारांचं) पाणी घालू नका, पांढरी पूड पानांवर बसते.

खरंच खूप दमट हवा हवी असेल तर बंद काचपेटी. लंडनच्या डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ मध्ये पतंगाचा कोश ओल्या मातीत ठेवून बाटली बंद केली होती, तर आत फर्न उगवला, जो त्यांच्या बागेत कोळशाच्या धुरात जगत नव्हता, आणि पाणी न घालता जवळजवळ चार वर्षं टिकला. १८३३ मध्ये त्यांच्या काचपेट्यांतून पाठवलेली झाडं जहाजाने थेट सिडनीपर्यंत जिवंत पोचली. पण मोठ्या झाडाला कायम १०० टक्क्यांत कोंडू नका, पानातून पाणी उडणंच थांबलं तर त्याच्यासोबत वर येणारं कॅल्शियम कोवळ्या पानाला मिळत नाही आणि टोक पुन्हा करपतं.

टोक करपायला खतातले किंवा पाण्यातले क्षारही कारण असतात, त्यामुळे जागा बदलूनही नवीन पानं तशीच आली तर पाण्याकडे बघा. माझा पुढचा पोंगा चार दिवसांत स्वच्छ उलगडला. जुन्या पानाची कड मात्र परत हिरवी होत नाही, तिथल्या पेशी मेलेल्या असतात. कापायची असेल तर पानाच्या आकारात कापा आणि केसभर तपकिरी पट्टी तशीच ठेवा, कात्री हिरव्यात गेली की ती जखम वाळून नवीन तपकिरी कड तयार होते.